वैरणीवरचा फ्लेक्स

मी, दादासो केरबा चौगले, वय एकाहत्तर, विद्यमान आमदार, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबावाशिवाय लिहिलेला माझ्या हातचा हा बहुधा पहिलाच कागद.

१. राहते घर पत्नी शेवंताबाई हिला. निवडणुकांच्या पंगती तिने उठवल्या आणि गुलाल मी लावून घेतला.

२. कबनूरचे यंत्रमाग आणि कळंब्याची शेती, गोठ्यासह, मुलगा यशराज याला. आमदारकी देत नाही. ती माझ्या मालकीची नाही. गेल्या श्रावणात मी गेल्याची बातमी उठली, तेव्हा त्याने पोटनिवडणुकीची चौकशी केली होती. मी घरी परतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, पण जरा उशिराने.

३. त्या बातमीचा खुलासा. मी दवाखान्यात बेशुद्ध होतो. शेजारच्या खोलीतला पेशंट गेला, बायका रडू लागल्या, आणि माझा कार्यकर्ता जोतीराम याने जिन्यातूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. विरोधकांच्या आधी आपला फलक लागला पाहिजे, ही आमची रीत. मी डोळे उघडले तोवर कळंब्याच्या वाटेवर माझी भावपूर्ण श्रद्धांजली झळकत होती.

सगळे हसले, मीही हसलो. मग फोटो नीट पाहिला. अंगात मोरपंखी जाकीट, चष्मा डावीकडे कललेला, मागे फिकट हिरवी भिंत. असले जाकीट माझ्याकडे कधीच नव्हते. जोतीराम म्हणाला, "साहेब, आईशपथ, म्या फोटो धाडलाच न्हाय." फ्लेक्सवाला म्हणाला, "जोतीरामच्याच मोबाईलवरनं आलाय की."

तेव्हापासून मी एकच धरून चाललो आहे: ते जाकीट अंगात चढत नाही तोवर मला मरण नाही. मला अजून जगायचे आहे, हे स्पष्ट लिहितो.

४. तो फ्लेक्स गड्याने गोठ्यातल्या वैरणीवर अंथरला आहे. काढायला सांगितले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच असतो. "म्या न्हाय टाकला," असे गडी म्हणतो. म्हशी त्या बाजूची वैरण तोंडात घेत नाहीत. तो फ्लेक्स माझ्या आधी जाळावा.

५. दिवाळीत सून स्नेहल हिने माझ्यासाठी हौसेने जाकीट शिवून आणले. मोरपंखी. पोरीचा दोष नाही. ते कपाटात कुलपात आहे, किल्ली तिच्याचकडे. कोणी वापरू नये.

६. जोतीराम साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही.

ताजा कलम, स्वहस्ते. आज नोंदणी कार्यालयात सह्या करताना तापाने हुडहुडी भरली. "आबा, गारठलाय की," म्हणत स्नेहलने मागून खांद्यावर काहीतरी घातले. मी सहीत गुंतलो होतो, हात बाह्यांत कधी गेले कळले नाही. नोंदणीच्या फोटोसाठी कारकून म्हणाले, "साहेब, हिकडं बघा." मी बघितले.

मग मागे वळून पाहिले. भिंत फिकट हिरवी आहे.

जोतीराम संगणकाच्या पडद्यावरच्या फोटोचा फोटो काढत म्हणाला, "लई झ्याक आलाय, साहेब. वाढदिवसाच्या फ्लेक्सला हाच लावतो." पाठवू नकोस म्हणेपर्यंत त्याने तो फ्लेक्सवाल्याला पाठवला होता. चष्मा डावीकडे कललेला आहे. तो सरळ करायलाही मला धीर होत नाही.

लिहून देणार: दादासो केरबा चौगले (सही)

साक्षीदार:
१. डॉ. निशिगंधा पोवार (सही). लिहून देणार यांना तपासले. बुद्धी स्थिर आहे. हात फार थंड आहेत.
२. जोतीराम खोत (सही)

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर २०२५