क्रोम काही सांगत नाही

३ मार्च, मंगळवार

धाकट्या भावाची रायफल आज माझ्या टेबलावर आली!

नंबर तीनदा वाचला. चौथ्यांदा बोटाने चाचपला. फौजेत नोकरीला लागला त्या आठवड्यात त्यानेच फोनवर सांगितला होता. मीच विचारला होता, आपल्या कारखान्यातून गेलेली दिसते, बघू कुणी तपासली. निघाली माझीच. नळीवर माझा शिक्का. काय हसला होता तेव्हा! "ताई, नळी फुटली तर तुझ्या नावानं बोंब मारीन बघ."

नदीत त्याची गस्तीची होडी उलटली त्याला चौदा महिने झाले. बरोबरचे तिघे दुसऱ्याच दिवशी सापडले. हा नाही. गेल्या महिन्यात नदी आटली तेव्हा ही रायफल चिखलात सापडली म्हणे, आणि बाकीच्या मोडक्या रायफलींबरोबर पेटीत भरून इकडे पाठवली. कुणाची आहे, काही नाही. नुसता नंबर!

लाकूड कुजलंय. बाहेरून गंजाच्या खपल्या हातात येतात. चिखल धुतला, एक चिंधी फिरवली, नळी खिडकीकडे धरून आत डोळा लावला. आत लख्ख. गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाची धार न् धार जागच्या जागी. वर्षभराहून जास्त पाण्यात, आणि आत जणू कुणी आज सकाळी पुसून ठेवलीय.

एकोणीस वर्षं नळ्या बघतेय. आज पहिल्यांदा डोळा काढून घेतला.

४ मार्च, बुधवार

साध्या पोलादाची नळी असती ना, तर तिनं सगळं ओकलं असतं. साधी नळी मला वाचता येते. हे खड्डे पाण्याचे, हे बार उडवून तशीच ठेवल्याचे, इथं तेल होतं, इथं कुणी आळस केला. किती दिवस पाण्यात होती तेही साधारण सांगू शकते. पण ही क्रोमची. केसाहून पातळ मुलामा, आणि त्याच्या आत सगळं मुकं! साठवून ठेवत नाही काही. तीन वेळा पाहिली, काही सांगत नाही.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातले जुने कारागीर वस्ताद आणि चकचक साहेब यांची नेहमीची जुंपली. साहेबांना हे नाव वस्तादांनीच ठेवलंय, क्रोमवर जीव म्हणून. साहेब म्हणाले, "बघा! इतके महिने नदीत, आणि गंजाचा ठिपका नाही. साध्या नळीचा एव्हाना भुगा झाला असता. क्रोमला गरम वायू खात नाही, साफ करायला सोपी, आयुष्य दुप्पट. आणखी काय हवं तुम्हाला?"

वस्ताद भाकरी चावत म्हणाले, "मुलामा सगळीकडे सारखा बसत नाही. नेम जरासा ढळतो. आणि एकदा सुटला की नळी भंगारात, दुरुस्ती नाही. पण ते सोडा. खाली काय चाललंय ते दिसत नाही, हे मला नको वाटतं."

ती रायफल कुणाची आहे ते दोघांनाही ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं तर काढून घेतील माझ्याकडून.

५ मार्च, गुरुवार

सकाळी मांडणीवर त्या नळीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब. काल कोरडी करून, तेल लावून ठेवली होती. शेजारच्या अकरा नळ्या ठणठणीत कोरड्या.

६ मार्च, शुक्रवार

परत थेंब!

बाबांना रायफलीचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण जेवताना ताट तसंच राहिलं तेव्हा त्यांनीच विचारलं. ऐकून नुसते "आली होय," म्हणाले. आली होय! जसं काही पाहुणा यायचा होता.

कपाटावर ते फौजेकडून आलेलं पाकीट तसंच आहे. माणूस बेपत्ता होऊन वर्ष उलटलं की घरी असा कागद येतो. नातेवाइकांनी सही करून पाठवायचा, मग ते 'बेपत्ता' खोडून 'मृत' लिहितात. जानेवारीत आला. मी हातही लावलेला नाही. बाबांना तेव्हाच बजावलं होतं, त्याचा पत्ता लागेपर्यंत हे पाकीट घराबाहेर जाणार नाही. ते म्हणाले होते, "तू म्हणशील तेव्हा पाठवू." आजही तेच म्हणाले. वर म्हणाले, "तू नळ्या वाचतेस ना? मग वाच. काय निघेल ते मला सांग. घाई नाही."

त्यांचीही आशा सुटलेली नाही. म्हणून तर माझ्यावर टाकलं.

८ मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर नळीचाच विचार. शेवटी चिडून सगळी भांडी पुन्हा घासली.

९ मार्च, सोमवार

तो जिवंत आहे!

आज गेज लावून पाहिलं. ही मोजपट्टीची सळी मागून नळीत सोडायची. पीळ सुरू होतो तिथे ती अडते. जितके बार जास्त, तितकी ती जागा झिजलेली आणि सळी तितकी पुढे जाते. मग भिंतीवरचा तक्ता बघायचा: इतकी गेली म्हणजे इतके बार. नंबरावरून दप्तरातून काढलेल्या रायफलीच्या कार्डावर होडीच्या दिवसापर्यंत सहाशे वीस बार लिहिलेत. सळी गेली पार चार हजारांच्या खुणेपर्यंत!

तीनदा केलं. तीनदा तेच.

म्हणजे होडी उलटल्यावर ही रायफल कुणीतरी महिनोन्‌महिने चालवलीय. कुणीतरी कोण? तोच! पोहत पलीकडच्या काठाला लागला असेल. का आला नाही, कुठे आहे, ते पुढचं पुढे. आधी जिवंत तर आहे!

धावत घरी आले. बाबांना एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कितीतरी वेळ ठेवला. डोळे भरून आले होते. "बरं," एवढंच म्हणाले. आनंदानं माणसाला बोलता येत नाही कधी कधी.

१० मार्च, मंगळवार

त्याच्या खोलीची खिडकी उघडली. गादीला ऊन दाखवलं. शर्ट धुऊन घड्या घातल्या. बाबा दारातून बघत उभे होते, मदतीला आले नाहीत.

११ मार्च, बुधवार

थेंबाचा छडा लावायचाच म्हणून काल जाताना नळीच्या दोन्ही तोंडांत कापूस कोंबला होता. मागचा कापूस सकाळी कोरडा. पुढचा ओला चिंब! पिळला तर चमचाभर पाणी निघालं. वास नदीचा. चिखलाचा आणि शेवाळाचा.

बाराचा गॅस जायला नळीला भोक असतं, त्यात, खाचाखोचांत पाणी अडकून राहतं, मला कळतं. पण सात दिवस? तेही रोज नवं?

तरी आज भीती नाही वाटली. जिवंत माणसाची रायफल आहे. तिला काय घाबरायचं!

१२ मार्च, गुरुवार

वस्तादांनी पकडलं. माझ्या टेबलाशी आले, कार्ड बघितलं, मी पेन्सिलीनं लिहिलेला चार हजारांचा आकडा बघितला. "हे कुठल्या तक्त्यावरून?"

मी भिंतीकडे बोट केलं.

"तो साध्या नळीचा आहे, पोरी."

एकोणीस वर्षं तो तक्ता माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: फक्त साध्या नळीसाठी. काल लागलेलं नवं माणूसही ही चूक करणार नाही. मी केली. वाचायचंच नव्हतं मला.

वस्तादांनी आत बारीक दिवा सोडला आणि मला बघायला लावलं. पीळ सुरू होतो तिथे, नखाएवढ्या जागेत, क्रोमचे पापुद्रे उडालेले. खाली काळा गंज. मी इतक्या वेळा बघितलं, पण नेहमी पुढचा चकचकीत भागच बघत राहिले.

ते हळू आवाजात समजावत होते. "साधी नळी रोज थोडी थोडी झिजते, म्हणून तिचा हिशेब लागतो. क्रोम टिकतो, टिकतो आणि एकदम सोडतो. बारांनी इथं बारीक तडे जातातच. पाणी त्यात शिरलं, खालचं पोलाद गंजून फुगलं, वरचा मुलामा निघाला. सळी पुढे गेली ती त्या खड्ड्यात. बार सहाशेच उडालेत. पुढचा सगळा वेळ ही पाण्यातच होती." मग दिवा विझवून म्हणाले, "कुणाची गं ही?"

सांगितलं. स्टूल ओढून ते माझ्याशेजारी बसले, सुट्टीची घंटा होईपर्यंत उठले नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. कुठल्या तोंडानं सांगू? उन्हात टाकलेली गादी मीच आत आणली. आज नळीशी थेंब नव्हता. अकरा नळ्यांसारखीच ती बारावी, कोरडी.

१४ मार्च, शनिवार

दुपारी सांगितलं सगळं. तक्ता, पापुद्रे, माझी चूक. म्हटलं, बाबा, करा सही.

ते उठले, कपाटावरून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पहिल्यांदाच उघडलं मी. सहीच्या जागा दोन: वडील आणि बहीण. बाबांची सही झालेली. खाली तारीख, २१ जानेवारी. रायफल सापडायच्या महिनाभर आधीची!

"त्या दिवशी धाकटा इथंच येऊन बसला होता, भर दुपारी," बाबा म्हणाले. "नखशिखांत ओला. म्हणाला, बाबा, तुम्ही करून टाका सही. ताई तुमचं ऐकायची नाही. तिला मी नळीतून सांगतो."

मी सही केली. खाली आजची तारीख घातली.