भाऊजींचा सदरा

मल्लेश्वरम, बेंगळूर
१२ ऑगस्ट १९६१

अक्का,

नमस्कार.

आमच्या यांचा उजवा हात मनगटापासून लुळा पडलाय. परवा जेवताना घास तोंडापर्यंत जाईना. "स्वल्प दमलोय," म्हणाले. मी ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं, तर हिरडीच्या कडेनं निळी रेघ.

"काम कुठं?"

"बॅटरीच्या कारखान्यात. शिसं वितळवतो."

"कपडे कोण धुतं?"

मी म्हटलं, "मीच. आधी झटकते, मग भिजवते."

डॉक्टर म्हणाले, "ती शिशाची धूळ आहे, बाई. अंगात साठत जाते. पोटुशी बाईनं तर त्या कपड्यांना हातही लावू नये. मूल टिकत नाही."

अक्का, मला तूच दिसलीस. भाऊजीही आमच्या यांच्याच शेजारी भट्टीवर उभे असतात. तुझी दोन मुलं पोटातच गेली आणि आपण देवाला दोष देत बसलो. आता तुला पाचवा महिना.

यांना मी आज कामावर जाऊ दिलं नाही. पण तुला कसं कळवू? तुला वाचता येत नाही. पत्र भाऊजीच वाचून दाखवणार, आणि नोकरीच्या भीतीनं नेमकं हेच गाळणार.

म्हणून हे पत्र टाकत नाही. उद्या भाऊजी कामावर गेले की मीच जयनगरला येते. तोवर त्यांचा सदरा झटकू नकोस गं.

तुझी,
तुंगा