चारच्या ठोक्याचा बिघाड

४ मे, रविवार
साउदॅम्प्टन सोडलं. 'लेडी विनिफ्रेड': बांधणी इटलीत, नोंदणी बर्म्युडात. ब्रिटिश एवढ्यासाठीच की चौदाशे केबिनींतून हवेबद्दल तक्रारी येतात. मी थर्ड इंजिनिअर. या फेरीअखेर सेकंड होणार. चीफ पेटिग्रूंपुढे दोनच नावं आहेत, माझं आणि डंकनचं. डंकन कामावर विनोद सांगतो. म्हणजे एकच नाव.

५ मे
चीफ म्हणाले, शनिवारी प्रवाशांना जहाजाची ओळख करून दे. माहितीपुस्तिका दिली. वाचणार नाही. दोन वर्षांत एकदाही प्रवाशांच्या मजल्यावर जावं लागलं नाही, तरी जहाज मला पाठ आहे.

दु. ४.१५
कंट्रोल रूममध्ये नेहमीप्रमाणे ३.५५ला किटली लावली. पॅनेलपाशी येते तो वीजभार ९०० किलोवॉटने वर. बारा मिनिटांनी खाली. डंकन म्हणाला, रोजचंच आहे गं, सोड. आळशी.

६ मे
पुन्हा ४.००. प्रमोशन याच बिघाडात आहे.

७ मे
जहाजाची घड्याळं तासभर मागे केली. बिघाडही तासभर सरकला. म्हणजे टायमर. संशय वायुवीजनावर.

८ मे, अझोर्स
प्रवासी दिवसभर किनाऱ्यावर. चारला काहीही नाही. सिद्ध झालं: जहाज चालत असतानाच होतं. अहवाल, अकरा पानं, चीफना दिला.

९ मे
नवव्या मजल्यावरच्या केबिनींतले प्लग बंद ठेवून चाचणी घेऊ का, विचारलं. चीफ म्हणाले, चार वाजता? म्हटलं, चारलाच. त्यांनी माझा अहवाल मिटून ठेवला. मग म्हणाले, घे बाई. शिकशील.

दु. ४.०४
भार १३० किलोवॉटने कमी चढला! दोष नवव्या मजल्यावर. सेकंड इंजिनिअरच्या खोलीला खिडकी असते.

दु. ४.०९
रिसेप्शनवरच्या ब्रॉनवेनचा फोन. नवव्या मजल्यावरचे दीडशे लोक तिच्यासमोर रिकामे कप घेऊन उभे. रांगेत, अर्थातच. एक आजोबा विचारतायत, आपण बुडतोय का? मी विचारलं, कप कशाला? ती म्हणाली, अगं बये, चहाची वेळ आहे, आणि तुम्ही खाली बसून त्यांच्या किटल्या बंद केल्यात!

केबिनींत किटल्या असतात, हे मला कुणी कळवलेलं नव्हतं.

१० मे
पुस्तिका, पान दोन: 'प्रत्येक केबिनमध्ये किटली. आमच्या ब्रिटिशपणाची खूण.'

तीन वाजता व्याख्यान. पुस्तिकेतून वाचून दाखवलं. पहिल्या रांगेत एक आजोबा; ब्रॉनवेन म्हणाली, कालचेच. म्हणाले, पोरी, तुमच्या इंजिनात चहा मिळतो का गं? म्हटलं, किटली आहे. हॉलभर टाळ्या. तेवढ्याच.

सेकंड इंजिनिअर: डंकन. माझ्या अहवालातला एकही आकडा चुकलेला नाही.

दु. ३.५५
किटली लावली. पॅनेलकडे पाठ करून उभी राहिले.