मामाचा तळपाय आणि डॉक्टर भाची

तिसगाव,
रविवार, भर दुपार

ति. अक्कास,

धाकट्या कानिफनाथचा दंडवत. तुझी शुगर, दाजींचा दमा आणि तुमच्या शेजारणीचा आगाऊपणा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आमच्याकडे माणसं, गुरं, कांदा, सगळं ठीक. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आधी रागावतेस आणि मग रडतेस, म्हणून कागद काढला. विषय तुला माहीत आहेच. तुझी लेक दिशा कातडीची डॉक्टर झाली, आम्ही पेढे वाटले, इथवर ठीक होतं. पण माझ्या डाव्या टाचेवरच्या एका काळ्या डागावरून तिने जो तमाशा मांडलाय, त्याची खरी हकिकत तुला कळावी आणि तू तिला आवरावंस, म्हणून हे लिहितोय.

गेल्या आठवड्यात तिने आमच्या शाळेच्या मैदानात कातडीच्या कॅन्सरचं मोफत शिबिर ठेवलं. हा रोग लवकर सापडला तर बरा होतो, एवढं सांगायला बाईसाहेब नगरहून आल्या (सरकारने अहिल्यानगर केलं तरी एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो). फलकावर लिहिलं होतं, उन्हापासून जपा. ते वाचायला अख्खा गाव एप्रिलच्या उन्हात बसवला होता, कारण मांडव फक्त पाहुण्यांच्या डोक्यावर होता. सरपंचांनी उन्हाचे धोके इतके सविस्तर सांगितले, की पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीला चक्कर आली. शिवाय दिशाने दाखवायला आणलेलं उन्हाचं मलम त्यांनी तोंडाला असं थापलं होतं, की पोळ्याचा बैलसुद्धा त्यापेक्षा बेताने रंगवतात. आणि मोफत हा शब्द वाचल्यावर आपली माणसं कशी येतात ते तुला सांगायला नको. कुणी गुडघे घेऊन आलं, कुणी मोतीबिंदू. बनुबाईने तर मोबाईलवर म्हशीच्या कासेवरच्या चामखिळीचा फोटो पुढे केला आणि म्हणाली, "ह्ये बी कातडंच हाय की बाई, तुमी काय निस्त्या मान्साचंच बगता व्हय?" दिशाने तो फोटोही नीट बघितला. तिच्या डॉक्टरकीवरचा माझा भरवसा तिथेच अर्धा झाला.

उरलेला अर्धा तिच्या भाषणाने घालवला. म्हणे आपल्या सावळ्या कातडीला हा कॅन्सर कमी होतो, पण होतो तेव्हा लपून होतो. तळपायावर, तळहातावर, नखाखाली, नाहीतर भाजल्याच्या जुन्या व्रणावर. डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, जखम भरत नसेल, तर लगेच दाखवा. वा! जन्मभर उन्हात रापलेली आमची तोंडं आणि माना हिने भराभर नजरेखालून घातल्या, आणि जिथे सूर्याचा किरण कधी पोचला नाही तो तळपाय मागितला. एवढी वर्षं शिकून हेच शिकली का? बरं, तळपाय दिसले तर त्यात अर्ध्या गावाच्या टाचा काळ्या. टाचेला काहीही झालं तरी आपण त्याला कुरूप म्हणतो आणि वर तापलेल्या बिब्ब्याचा चटका देतो. दिशाने कपाळाला हात लावला. बिब्ब्याने जळालेलं कोणतं आणि मुळातलं काळं कोणतं, हे आता कसं ओळखायचं म्हणाली. ओळखायचं कशाला? माझ्या डागालाही तुझ्या भावजयीने दोनदा बिब्बा लावला. डाग गेला नाही, उलट थोडा पसरला. कुरूप चिवट असतं, एवढंच.

मग माझी पाळी आली आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मामा, चप्पल काढा." आता तूच सांग. मामाने भाचीच्या पाया पडायचं असतं. आपल्या घरात भाचीला चुकून पाय लागला तरी मामा कान धरतो. आणि हिने माझा पाय मांडीवर घ्यायचा? शेजारचे दाऊदभाई म्हणाले, "आरं, डाक्टरच्या म्होरं कसला मामा नि कसली भाची!" त्यांना बोलायला काय जातं, ती त्यांची भाची नव्हे. गुरांना पाणी दाखवायचं राहिलंय असं सांगून मी घरी निघून आलो.

पण तुझी भावजय सविताच घरभेदी निघाली. जायच्या आधी दिशा घरी आली, तेव्हा मी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. सविताने तिची ओटी भरली, साडी दिली. मग रीतीप्रमाणे मी भाचीच्या पाया पडायला गुडघे टेकून वाकलो. कपाळ जमिनीला लागलं आणि तळपाय मागे आभाळाकडे झाले. त्याच क्षणी सविता माझ्या पोटऱ्यांवर बसली (तिचं वजन तुला ठाऊक आहे) आणि ओरडली, "बग गं पोरी, आता बग!" मी पाया पडत होतो ती भाची पुढून निघून मागे गेली. मी जमिनीला नमस्कार करत राहिलो आणि ती भिंगाने माझी टाच बघत राहिली. असा विश्वासघात शत्रूच्याही घरी होत नसेल.

तिने भिंग पदराने पुसलं आणि तोच डाग पुन्हा बघितला. ही पोरगी एरवी कुठलीही गोष्ट दोनदा बघत नाही, अक्का. शेवटी हळूच म्हणाली, तुकडा काढून तपासायलाच हवा, मामा, येत्या आठवड्यात या. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. तर तिला समजाव. घरातले डॉक्टर असेच, साध्या कुरुपाचा डोंगर करतात.

तुझा,
रीत सांभाळून असलेला भाऊ,
कानिफनाथ

ता. क. मी नगरला येणार नाही असं तिला कळव. कांदा काढायचा आहे.

ता. क. कांदा मागेच काढून कांदाचाळीत भरला. दाऊदभाई गुरुवारी सकाळी गाडी काढतायत, मी त्यांच्याबरोबर येतो. सविताही येते म्हणते.

ता. क. सविता सांगते, त्या दिवशी परत जाताना गाडीत बसल्यावर पोरीने पदराने डोळे पुसले. तिने तुला काही सांगितलं असेल तर मला खरं सांग. मला भीती वाटते, अक्का. माझी अडचण होऊ नये म्हणून तिने दुसरा डॉक्टर ठरवलाय म्हणे, पुरुष. त्याला नको म्हणून सांग. पाय मी तिच्याच हातात देईन. परक्या माणसासमोर मला घाबरता येणार नाही.