माश्या पाळणारी सून

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
९ फेब्रुवारी २०२५

सौ. विनिता आक्कासाहेब यांस गरिमाचा नमस्कार.

इकडे थंडी ओसरली. तुमचे बंधुराज समरजीत ठीक, माझी प्रयोगशाळाही चालू आहे. पत्र लिहिते, कारण तुमचा फोन आला की तो स्पीकरवर आईसाहेबांच्या उशाशी जातो.

तुम्ही विचारलंत, "आईसाहेब एवढ्या कशा वाळल्या? वहिनी, तुमचं लक्ष कुठे असतं?" काल दाल बाजारच्या मामीसाहेबही आल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बहू, मक्ख्यांना तर टाइमावर खाना देतेस, अन् सासूला?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

हसण्यासारखं आहेच म्हणा. केळ्यांवर घोंगावणारी चिलटं मी बाटलीत पाळते, त्यांच्या पोटात गाठ वाढवते आणि बाकीच्या शरीराचं काय होतं ते बघते. ती पोटभर खातात, तरी झिजतात. पंखांचे स्नायू जातात, उडता येत नाही. गाठ एका जागी बसून साऱ्या शरीराला सासुरवास करते. नुसतं खाऊ घालून ती झीज थांबत नाही.

आईसाहेबांच्या स्वादुपिंडात गाठ आहे, आक्कासाहेब. दिवाळीनंतर कळलं. डॉक्टरांनी हात टेकले. समरजीतनी मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. आईसाहेबांना सांगायचं नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही. मी गप्प बसले आणि सासूला उपाशी ठेवणारी ठरले. मला राग येतो. समरजीतचा, मामीसाहेबांचा, तुमचाही.

पण काल मामीसाहेबांसमोर आईसाहेबांनी वाटीभर शिरा मागून घेतला. "गरिमा खूप खिलवते हो, मीच नाटकं करते," म्हणाल्या आणि वाटी संपवली. पाहुणे गेल्यावर सगळा ओकून टाकला. मी पाठ चोळत होते, तर म्हणतात, "तुला बोल लागू नये गं, बेटा." माझी अब्रू राखायला त्या स्वतःचे हाल करून घेतात, आणि मी शपथ राखत बसले होते.

आज मोडली. समरजीत चिडतील, चिडू देत.

तुम्ही निघा. त्यांच्याजवळ बसा, आणि ताट समोर आल्यावर त्या "नको" म्हणाल्या की "बरं" म्हणा. मी तसं म्हटलं तर हयगय ठरते. लेकीनं म्हटलं तर माया ठरेल.

तुमची भावजय,
गरिमा