अवैध ठरलेले अभिप्राय

प्रिय चिमणे,

अक्षर ओळखलंस ना? अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम चार पानं. ही खडूस एक तर मेली असणार नाही तर निवृत्त होणार असणार, असं म्हणशील. दुसरं खरं आहे. दोन महिने राहिलेत. आणि जाता जाता नगरपालिकेने माझ्या टेबलावर काय आणून टाकलं असेल, तर या शहराची अक्कल! पोत्यात भरून. तेराशे बारा पानं.

तू वर्तमानपत्रात वाचलं असशील, आपल्या जुन्या बागेचं रूप पालटायचं घाटतंय. पश्चिमेच्या भिंतीलगत झाडांची ती लांब रांग आहे ना, जिच्या सावलीत बसून आपण डबे खायचो, ती काढून तिथे गाड्या उभ्या करायला जागा. मधल्या संगीतमंचाभोवती काचेचं ‘अनुभव केंद्र’. म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही, सल्लागारालाही नाही. हा सल्लागार म्हणजे घोट्याच्या वर संपणारी विजार घालणारा, प्रत्येक वाक्य ‘बघा ना’ने सुरू करणारा पोरगेलासा पन्नाशीचा माणूस. त्याने बागेची रंगीत चित्रं काढून आणली. त्यांत झाडांची सावली डावीकडे पडलीय आणि माणसांची उजवीकडे. मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाला, ‘बघा ना मॅडम, ही फक्त एक भावना आहे.’ अशा भावनेवर मंडळी दीडशे वर्षांची बाग उकरायला निघालीत.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की नागरिकांची मतं मागवावीत. आणि ती वाचायला कोण? मी. बागेच्या खात्यात बाकी कुणाला अक्षर लागत नाही म्हणे.

अगं, काय सांगू तुला! एकाने लिहिलं, बाकांच्या मध्यभागी लोखंडी दांडा बसवा, म्हणजे जोडप्यांना चिकटून बसता येणार नाही. खाली स्वतःच्या हाताने दांड्याची उंचीही काढून दिलीय, इतका विचार केलाय बिचाऱ्याने. एका बाईंना बागेत कुत्री नकोत, दुसऱ्या बाईंना कुत्र्यांशिवाय आलेली माणसं नकोत. सकाळी घोळक्याने खोटं खोटं हसणारं एक मंडळ आहे, त्यांना हसायला छप्पर हवंय. एका इतिहासप्रेमी गृहस्थांनी संगीतमंच कधी बांधला यावर नऊ पानं लिहिलीत आणि नऊही पानांवर साल चुकवलंय. खरं साल मंचाच्या पायरीवर कोरलेलं आहे, पण त्यासाठी बागेत जावं लागतं. बेचाळीस पानं एकाच हस्ताक्षरात, शेवटची पाच तर नुसतीच ‘वरीलप्रमाणे’. आणि एकाने बागेबद्दल अवाक्षर न काढता आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची हकिकत लिहिलीय. खरं सांगू, सगळ्यांत मुद्देसूद तीच होती.

मी वाचायचे आणि शेजारच्या टंकलेखिकेला ऐकवायचे. आम्ही दोघी हसून हसून लाल व्हायचो. असल्या लोकांना मत विचारायचंच कशाला, असं मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. माणसांना मूर्ख ठरवलं की मला फार हलकं वाटतं.

तर मूर्ख का असेनात, पानाच्या माथ्यावर ‘झाडं हवीत’ की ‘नकोत’ यावर केलेली खूण तेवढी बघत मोजणी केली. तेराशे बारापैकी नऊशे चाळीस लोकांना झाडांची रांग राहायला हवी होती. साहेबांनी आकडा पाहिला आणि तोंडात माशी गेल्यासारखा चेहरा केला. आपले साहेब म्हणजे तेच, जे पूर्वी आपल्या मागच्या टेबलावर बसून नखं कापायचे. आता त्यांना वेगळी खोली आहे, नखं तिथे कापतात. मला बोलावून म्हणाले, ‘अहवालाचा सूर सकारात्मक दिसला पाहिजे. नियमात बसत नाहीत ती पानं बाजूला काढा. तुमच्याइतका नियम कुणाला ठाऊक आहे?’

आणि चिमणे, मी ती काढली. कुणी जबरदस्ती केली नाही, आवाज चढवला नाही. घर क्रमांक नाही, अवैध. खाडाखोड आहे, अवैध. दोन रंगांच्या शाईत लिहिलंय, अवैध. सही चौकटीच्या बाहेर गेलीय, अवैध. चार दिवसांत मी नऊशे चोवीस पानं बाद केली. झाडं नकोत म्हणणाऱ्यांच्याही सह्या चौकटीबाहेर गेल्या होत्या, पण तिकडे माझी नजर तेवढी तीक्ष्ण राहिली नाही. उरली तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्यांतली दोनशे एकावन्न योजनेच्या बाजूने. साहेबांनी चहा मागवला. मी तो प्याले, वर बिस्किटही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खात्याच्या चौकशी खिडकीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, कडक इस्त्री, पायात नवीन चपला. बागेचा जुना पहारेकरी. तूही त्याला पाहिलंयस; संध्याकाळी फाटक बंद करण्याआधी घंटा वाजवत पूर्ण चक्कर मारायचा आणि झोपलेल्या माणसाला हाताने हलवून नाही, तर शेजारी खाकरून उठवायचा. मला म्हणाला, ‘बाई, माझा कागद पोचला का? सुनेनं लिहून दिला, मी अंगठा केला.’ मी म्हटलं, पोचला. तो म्हणाला, ‘वाचला का कुणी?’ मी म्हटलं, हो, वाचला ना. त्याने दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवले, मान हलवली आणि म्हणाला, ‘मग झालं. मला वाटलं, अंगठा बघून कुणी वाचायचं नाही.’ आणि गेला. चार मजले चढून तेवढंच विचारायला आला होता. आपली लिफ्ट अजूनही बंदच असते.

मी वाचला नव्हता गं. सहीच्या जागी अंगठा दिसला आणि शिक्का मारला, अवैध.

जेवणाच्या सुट्टीत तो गठ्ठा सोडला आणि त्याचा कागद शोधून काढला. सुनेचं अक्षर टपोरं, शुद्धलेखन यथातथाच. त्याने झाडं वाचवा असं लिहिलं नव्हतं, तोडा असंही नव्हतं. भिंतीलगत एकसष्ट झाडं आहेत, त्यांतली सात आतून पोकळ झालीत, फाटकापासून मोजून तिसरं, नववं, अशी सातही सांगितली होती. ती वाऱ्यात पडतील, खाली माणसं बसतात, ती पावसाळ्याआधी काढा. बाकीची चोपन्न धडधाकट आहेत. गाड्या लावायच्याच तर जुन्या रोपवाटिकेचं आवार तीस वर्षं रिकामं पडलंय, तिथे लावा. आणि शेवटी, संगीतमंचाच्या मागचा दिवा बंद आहे, तिथून बायकांना जायला भीती वाटते, तेवढा तरी लावा. बस्स. सल्लागाराने सहा महिने घालवून जे शोधलं नाही, ते या माणसाने एका पानात सांगितलं होतं आणि मी त्यावर शिक्का मारून ते पोत्यात कोंबलं होतं.

मग मी बाकीची पानं पुन्हा काढली. चिमणे, मी हसताना फक्त हसण्यासारखीच पानं वाचली होती. बाकीच्या शेकडो पानांवर साध्या माणसांनी साध्या गोष्टी लिहिल्या होत्या: इथे मला चालायला शिकवलं, आजारपणानंतर मी इथे रोज एक झाड पुढे जात होतो, घरात जागा नाही म्हणून मी इथे अभ्यास केला. तो दांड्यावाला गाढव मी वीस जणांना ऐकवला, ही माणसं एकालाही ऐकवली नाहीत. जगातल्या मूर्खांची यादी करायला बसले होते ना मी, तिच्यात पहिलं नाव घालायचं राहिलंच होतं.

सोमवारी मी टिपणी लिहिली. खरी मोजणी, बाद केलेल्या पानांची कारणं, ती कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाच्या हाताने बाद झाली ते, आणि सोबत पहारेकऱ्याच्या कागदाची प्रत. साहेबांकडे नेण्याआधी आवक खिडकीवर नोंदवून क्रमांक घेतला, म्हणजे कागद हरवायची सोय नको. साहेब भडकले. दोन महिने राहिलेत, डोक्यावर पडलात का, म्हणाले. मग समजुतीने बोलले, मग पुन्हा भडकले. शेवटी अहवाल थांबला. रांगेतल्या झाडांची तपासणी व्हायची आहे आणि माझी चौकशीही. झाडांचं काय होईल ते मला ठाऊक नाही. सल्लागार नव्या चित्रांच्या तयारीला लागलाय, हे मात्र कानावर आलंय.

आता तू म्हणशील, ही शौर्यकथा मला कशाला ऐकवतेस? शौर्य नाही गं, आणि असलंच तर अकरा वर्षं उशिराचं. चौकशीची नोटीस हातात पडली, तेव्हा मला तुझी चौकशी आठवली. तू खोट्या पाहणीवर सही करायला नकार दिलास, तेव्हाच्या साहेबांनी तुला तोंडी धमकावलं, आणि त्या वेळी खोलीत तिसरी मी होते. समितीने मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले, आठवत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं की तू हट्टी आहेस, मूर्ख आहेस, तुला नोकरी करायची अक्कलच नाही. तुला मूर्ख ठरवल्यावर मला किती हलकं वाटलं होतं! मला आठवत होतं, चिमणे. शब्द न् शब्द, तारखेसकट. सोबतच्या कागदावर ते सगळं लिहून खाली पूर्ण नावाने सही केली आहे, दोन साक्षीदारांच्या समोर. त्याचं काय करायचं ते तू ठरव. माफीचं मी लिहीत नाही, ती मागायचं तोंड मला नाही. पण येत्या गुरुवारी माझी चौकशी आहे, आणि तिथे मी तुझी हकिकत आधी सांगणार आहे, माझी नंतर.

तुझीच,
खडूस