मयताच्या घरी

आई, परवा सांगलीतल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय काय, तर वादग्रस्त खुनाच्या खटल्यांवर पुस्तक लिहिताना लेखकानं निःपक्षपाती कसं राहावं! तू असतीस तर पहिल्या रांगेत बसून पदर तोंडाला लावून हसली असतीस. मी आपली चांगली तासभर बोलले. साक्षी, पुरावे, दोन्ही बाजू, लेखकाची जबाबदारी, काही म्हणून सोडलं नाही. पोरं माना डोलवत होती, प्राचार्यांनी शाल दिली. आज सकाळी चहा टाकला आणि एकदम वाटलं, अगं, हे सगळं तर आईनं साताऱ्याच्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता सांगितलं होतं, तेही याच्या निम्म्या वेळात आणि वर चार शिव्या घालून. म्हणून लिहायला बसले. खिडकीत ऊन आलंय, चहा दुसऱ्यांदा गरम केलाय, आणि तुझ्याशी बोलायला मला आज फार बरं वाटतंय.

तुला आठवत असेलच, नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. मी सांगलीच्या एका साप्ताहिकात होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. आटपाडीकडच्या एका गावात टेम्पो चालवणाऱ्या एका तरुण पोराचा खून झाला होता आणि गावातल्याच एका सुताराला जन्मठेप लागली होती. दोघांचं वैर साऱ्या गावाला ठाऊक. दिवेलागणीला सुताराला ओढ्याकडून येताना पाहिलं असं एका माणसानं कोर्टात सांगितलं, आणि सगळा खटला त्या एका साक्षीवर उभा राहिला. हायकोर्टातही शिक्षा कायम झाली. निम्मं गाव म्हणायचं, त्यानंच केलं. निम्मं म्हणायचं, फुकट अडकला बिचारा. मी सुताराच्या बायकोला भेटले आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की हा माणूस निर्दोष आहे आणि मी त्याला बाहेर काढणार. मग काय, जाईन तेव्हा मुक्काम तिच्याकडेच. ती चुलीपुढे बसून गरम भाकरी माझ्या ताटात टाकायची, तोवर तिची पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली असायची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई म्हणायची, केसांना तेल लावून द्यायची. पुस्तक भराभर लिहून झालं. नाव ठेवलं, ‘निर्दोष’. प्रकाशक तयार होता. छापायला देण्याआधी तुझी शाबासकी घ्यावी म्हणून मी गठ्ठा घेऊन साताऱ्याला आले.

शाबासकी! तू आयुष्यभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेलास, आणि निवृत्त झाल्यावर नगरवाचनालयातलं खुनाचं एकही पुस्तक सोडलेलं नाहीस. ओट्याशी उभी राहून वाचते आहेस, पानांवर पिठाची बोटं उमटताहेत, आणि मी पाटावर बसून तुझ्या तोंडाकडे बघते आहे. “नावातच निकाल लावलास की गं,” तू म्हणतेस. “मग आत काय वाचायचं?” मी म्हटलं, पुढे वाच. तू वाचत गेलीस. पोळी तव्यावर करपली तरी तुझं लक्ष नाही. शेवटी गठ्ठा डब्यावर आपटलास. “या सुताराला वांग्याचं भरीत आवडतं. तो पोरीला लाकडाची बैलगाडी करून देतो. त्याला पहाटे उठायचा कंटाळा आहे. सगळं कळलं मला, माझा जावईच जणू! आणि मेलेला पोरगा? मयत. मयत दारू प्यायचा. मयत भांडखोर होता. अगं, त्या पोराला काही आवडत होतं की नाही?”

“कागदपत्रांत तसंच लिहितात, आई.”

“कागदपत्रांना आई नसते. या पोराला होती ना? भेटलीस तिला?”

मी म्हटलं, ती बोलणार नाही. कुणी सांगितलं, तू विचारलंस. सुताराच्या बायकोनं, मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझी जीभ अडखळली. तू लाटणं हातात धरून अशी काही हसलीस! “वा गं बाई! खाल्ल्या मिठाला जागलीस.” माझा पारा चढला. तुला काय कळतंय, तिकडे एक माणूस तुरुंगात सडतोय आणि तुला मेल्याच्या आवडीनिवडी सुचतात, असं बरंच काही मी ओरडले. तू शांतपणे करपलेली पोळी माझ्याच ताटात वाढलीस. “त्याच्यासाठीच सांगते आहे. आधीपासून जे त्याच्या बाजूचे आहेत, तेवढेच हे पुस्तक खरं मानतील. मग उपयोग काय त्याला? उद्या त्या पोराच्या आईकडे जायचं. मी येते.”

विट्याला एसटी बदलून आपण गेलो. वाटभर मी फुगून बसलेली आणि तू शेजारणीशी डाळिंबाच्या भावावर गप्पा मारत होतीस. त्या पोराची आई अंगणात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी तिच्यात जेवताय, गावाला म्हाईत हाय. मग आमच्यात कशाला आलाय?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तू, आयुष्यभर पोरींच्या पेपरातलं अशुद्ध खोडून काढणारी, बेधडक म्हणालीस, “आवं, ती जेवली, मी न्हाई जेवले. बसू का जरा? गुडगं लय दुखत्यात.” बसलीससुद्धा, आणि समोरच्या ढिगातल्या शेंगा ओढून फोडायला लागलीस. एक प्रश्न विचारला नाहीस. मीही शेंगा फोडायला बसले. बोटांची सालं निघायची वेळ आली तेव्हा ती बाई आपणहून बोलायला लागली.

“दारू प्यायचा, व्हय. भांडायचा बी. पर त्यो काय त्येवढाच हुता का वो? वरल्या वळणावनं हारन वाजवायचा. हारन ऐकला की मी तवा टाकायची, दारात येस्तवर भाकरी तयार. आजून बी कुनाचा हारन वाजला की हात पिठात जातुया.” तू मान हलवलीस, पण शेंगा फोडणं थांबवलं नाहीस. मग ती माझ्याकडे वळली. “त्या दिशी सांजच्याला त्या सुतारनीचा दाल्ला घरात हुता म्हनं. आन ती गल्लीभर त्येला हुडकत हिंडत हुती, ह्ये मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. कोर्टात मला कुनी इचारलं न्हाई.” तिनं आत जाऊन गुळाचा कोरा चहा आणला. सुतार सगळी संध्याकाळ घरी होता, यावरच माझं अख्खं पुस्तक उभं होतं.

तू त्याच अंगणात थांबलीस आणि मला एकटीला सुताराच्या घरी पाठवलंस. वहिनी मला बघून नेहमीसारखी हसली, ताट मांडायला निघाली. मी उभ्या उभ्याच विचारलं. तिनं हातातलं भांडं परत फळीवर ठेवलं. मग म्हणाली, “व्हय. गेलते हुडकायला. पत्त्यात बसलं आसतील म्हनून. न्हाई गावलं. मागनं आपलं आपनच आलं. वकील म्हनला, घरातच हुतं म्हन, तर मी म्हनलं.” मी म्हटलं, वहिनी, मला हे लिहावं लागेल. “माज्या हातची भाकरी खाल्ली की वो ताई तुमी,” ती म्हणाली आणि आत गेली. आई, मी त्या दारात रडले. पोरगी माझा हात धरून उभी होती. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “लिवा. आता खोट्याचा मला बी कटाळा आलाय.”

पुस्तक मी पुन्हा लिहिलं. नाव बदलून नुसतं गावच्या ओढ्याचं ठेवलं. वळणावरचा हॉर्न घातला, गल्लीभर हिंडणारी बायको घातली, आणि अंधारात पाहणाऱ्या त्या साक्षीदाराला एरवी किती कमी दिसायचं तेही घातलं. ‘लिवा’ म्हणाली होती, तरी छापून आल्यावर वहिनीनं निरोप पाठवला की परत येऊ नका. साक्षीदाराचं वाचून त्या पोराची आईही बिथरली. मी ऐटीत तुला सांगितलं, दोघी रागावल्या, म्हणजे पुस्तक बरोबर झालं. तू चष्म्यावरून बघितलंस. “तसं काही नसतं हं. वाईट लिहिलं तरी दोघी रागावतात.” मग पुस्तक डोळ्यांजवळ धरलंस आणि दिवसभर सोडलं नाहीस. संध्याकाळी एवढंच म्हणालीस, “आता तो पोरगा दिसतो.” तेवढ्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

पुस्तकानं सुतार सुटला नाही. शिक्षा भोगून, रीतसर घरी आला. तू गेलीस त्यानंतरची ही गोष्ट. पोरीच्या लग्नाची पत्रिका मला आली, मी गेले. वहिनीनं दारातच मला मिठी मारली. सुतारानं स्वतः पंगतीत जिलेबी वाढली, पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही. मेलेल्या पोराची आई तेव्हा हयात होती, तिच्याकडेही मी जाऊन बसले. तिनंही मला बाहेर काढलं नाही. खून कुणी केला, हे अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही.

तुझ्या शेवटच्या आजारपणात तू एकदा विचारलं होतंस, “पण तुला काय वाटतं गं, त्यानं केलं असेल?” मी म्हटलं, माहीत नाही. तू खूश झालीस, माझा हात थोपटलास आणि झोपलीस. कॉलेजातल्या एका पोरीनंही परवा तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं लिहिते. मला वाटतं, त्यानं केलं नाही. तेव्हाही वाटत होतं. पण ते पुराव्यामुळं वाटतं, की मला वहिनीचा लळा लागला म्हणून, हे माझं मलाच आजवर सांगता आलेलं नाही.